नाक कुणाचं दाबलं?

२०१२ च्या ऑक्टोबरात आमच्या पुण्यातल्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन इराणी मुली भाड्याने राहत होत्या. दोघी इस्फहानच्या. थोरली सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती, धाकटी इंग्रजीत एम.ए. तेव्हा पुण्यात इराणी विद्यार्थी पुष्कळ असायचे. कॅम्पात, कोंढव्यात, विद्यापीठाच्या आवारात फारसी सहज कानावर पडायची. थोरली मला ‘खाले’ म्हणायची, म्हणजे मावशी. रोज सकाळी ती जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसायची आणि एकच आकडा बघायची: आज एका रुपयाला किती तोमान? दहा रियालचा एक तोमान. नोटांवर रियाल छापलेलं असलं तरी इराणी माणूस हिशेब करतो तो तोमानात. २०११ च्या सुरुवातीला रुपयाला पंचवीसच्या आसपास तोमान पडायचे. त्या ऑक्टोबरात ते साठाच्या वर गेले होते.

फी तीच, भाडं तेच, आणि तिच्या वडिलांचं पेन्शनही तेवढंच. ते शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मुलीच्या फीसाठी त्यांनी घरची ‘प्राईड’ गाडी विकली. गाडी विकून पैसे उभे राहिले, पण ते पुण्यापर्यंत पोचवायचे कसे? त्या वर्षीच्या मार्चमध्ये इराणवरच्या निर्बंधांमुळे इराणी बँका ‘स्विफ्ट’ या बँकांना जोडणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून बाहेर काढल्या गेल्या होत्या. इथल्या एका बँकेत मी स्वतः तिच्याबरोबर गेले. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट पाहिला, आत जाऊन आला आणि म्हणाला, “मॅडम, इराणचं नाव आलं की आम्ही हात लावत नाही.” माणूस वाईट नव्हता. त्याला तसं सांगितलेलं होतं. शेवटी पैसे ओळखीच्या ओळखीतून, मध्ये कापले जात जात आले. धाकटी एम.ए. अर्धवट टाकून परत गेली.

इराणविषयी बातमी आली की मला तो जिना आठवतो. २८ सप्टेंबर २०२५ रोजी अणुकार्यक्रमावरून लावलेले संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंध इराणवर पुन्हा लागू झाले, तेव्हाही तोच आठवला. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही आपली म्हण निर्बंधांमागच्या तर्काला नेमकी लागू पडते. माझं म्हणणं एवढंच आहे की इराणमध्ये नाक दाबलं गेलं एकाचं आणि तोंड उघडण्याची अपेक्षा होती दुसऱ्याकडून. ज्या समाजातून त्या देशात बदल येऊ शकला असता, त्याचाच श्वास आपण सगळ्यांनी मिळून कोंडला. ‘आपण’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे, कारण भारतही त्यात आहे.

हा समाज कोणता, ते नीट पाहायला हवं. बाहेरच्या जगाला इराण म्हटलं की पगडीवाले धर्मगुरू, क्षेपणास्त्रं आणि युरेनियम दिसतं. पण त्या पगडीखालच्या देशात चाळीस वर्षांत जे घडलं, तसं आशियात फार थोड्या ठिकाणी घडलं असेल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इराणमध्ये एका बाईमागे सरासरी सहाहून जास्त मुलं होती. २००० च्या सुमारास हा आकडा दोनवर आला. सक्ती झाली नाही. इराकशी आठ वर्षं चाललेलं युद्ध १९८८ मध्ये संपलं, खजिना रिकामा होता, तेव्हा त्याच धर्मसत्तेने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. खेडोपाडी ‘खाने-ये-बेहदाश्त’ म्हणजे आरोग्यघरं होती, तिथे गावचीच माणसं ‘बेहवर्ज’ म्हणून प्रशिक्षण घेऊन काम करत होती. आपल्या आशाताईंची आठवण व्हावी अशी ही माणसं. त्याच काळात मुली शाळेत गेल्या. क्रांतीआधी तीन बायकांत जेमतेम एक लिहू-वाचू शकत होती. दोन पिढ्यांत ‘कोंकूर’ नावाची विद्यापीठ प्रवेशाची जीवघेणी परीक्षा पास होणाऱ्यांत मुलींची संख्या मुलांच्या पुढे गेली. २०१४ मध्ये गणितातलं फील्ड्स पदक मिळवणारी जगातली पहिली स्त्री मरियम मिर्झाखानी तेहरानचीच. तिचं पदवीपर्यंतचं शिक्षण तिथल्याच शरीफ विद्यापीठात झालं.

धर्मसत्तेला हे सगळं हवं होतं असं कुणी समजू नये. तिने शाळा उघडल्या आणि त्या शाळांतून निघालेल्या मुली तिच्याच गळ्यात अडकल्या. कायद्याने बाईची साक्ष पुरुषाच्या निम्मी, नवऱ्याच्या परवानगीशिवाय पासपोर्ट नाही, डोक्यावर कापड सक्तीचं. आणि समोर उभी राहिलेली पिढी शिकलेली, लहान कुटुंबातली, कर्जाचे हप्ते भरणारी, परदेशी पुस्तकं वाचणारी. हा ताण इराणच्या आतला आहे, अस्सल आहे, आणि तो कुठल्याही परकीय गुप्तचर संस्थेने पेरलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सक्केजहून तेहरानला आलेल्या २२ वर्षांच्या महसा जीना अमिनीला ‘गश्त-ए-इर्शाद’ने, म्हणजे पेहरावावर नजर ठेवणाऱ्या नैतिकता पोलिसांनी, हिजाबवरून पकडलं आणि तिचा कोठडीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर जी घोषणा देशभर घुमली तिचे शब्द आपल्यालाही सांगावे लागत नाहीत: ज़न (म्हणजे बाई), ज़िंदगी, आज़ादी. मूळ घोषणा कुर्दी, जीनाच्या भाषेतली. मानवी हक्क संघटनांच्या मोजणीनुसार त्या आंदोलनात पाचशेहून अधिक माणसं मारली गेली, त्यात लहान मुलंही होती. पुढे काही जणांना फाशीही दिली. तरी आज तेहरानच्या रस्त्यांवर बायका उघड्या केसांनी फिरतात. २०२४ च्या शेवटी हिजाबचा आणखी कडक कायदा अंमलात आणायचं सरकारला धाडस झालं नाही. हे त्या बायकांनी मिळवलं. त्यात बाहेरून कुणाचा हात नव्हता.

आता निर्बंधांचं काम कसं चालतं ते बघा. कागदावर अन्न आणि औषधं यांना नेहमीच सूट असते. पण औषध जहाजात चढण्याआधी त्याचे पैसे कुठल्यातरी बँकेतून जावे लागतात, जहाजाचा विमा उतरवावा लागतो, आणि बँक असो की विमा कंपनी, अमेरिकेच्या दंडाच्या भीतीने कायद्यात असलेल्या सुटीकडेही पाठ फिरवते. पुण्यातल्या त्या काउंटरवर जे झालं तेच जगभर मोठ्या आकड्यांत होतं. इराणमध्ये एक दुर्धर त्वचारोग असलेली मुलं आहेत. त्यांची कातडी इतकी नाजूक की नुसत्या स्पर्शाने सोलली जाते, म्हणून त्यांना फारसीत ‘परवाने’ म्हणजे फुलपाखरं म्हणतात. त्यांच्या जखमांवर लावायची खास पट्टी एका स्वीडिश कंपनीकडून यायची. २०१८ मध्ये अमेरिकेचे निर्बंध परत आल्यावर ती यायची थांबली. पट्टी बदलताना जखमेची खपली उचकटते, ती उचकटू नये म्हणूनच ती पट्टी होती. त्याऐवजी साधं बँडेज वापरावं लागलं, आणि दर वेळी ते काढताना सोबत कातडीही निघत होती. यात कुठल्या सेनापतीने काय गमावलं, हे मला कुणी तरी समजावून सांगावं.

सेनापतींनी खरोखरच काही गमावलं नाही. इराणी माणसांच्या तोंडात एक शब्द आहे: ‘कासेबान-ए-तहरीम’. तहरीम म्हणजे निर्बंध (आपला ‘हराम’ त्याच धातूतला), आणि कासेब म्हणजे धंदा करून पोट भरणारा. निर्बंधांवर धंदा करणारे लोक. सरळ मार्गाने तेल विकता आलं नाही की ते आडमार्गाने विकावं लागतं. आडमार्गाला दलाल लागतात, बंदरावर ज्यांना कुणी अडवत नाही अशी माणसं लागतात, परदेशात नावापुरत्या कंपन्या लागतात. या सगळ्याला क्रांतिरक्षक दल, म्हणजे राजवटीची खास सेना, आणि त्याच्या गोतावळ्याइतकं लायक कोण? बाबक जंजानी नावाच्या व्यापाऱ्याने निर्बंधकाळात सरकारसाठी तेल विकलं आणि अब्जावधी डॉलर परत केले नाहीत. २०१६ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली आणि नंतर ती कमीही झाली. तो पकडला गेला म्हणून नाव माहीत आहे. परदेशी कंपन्या निघून गेल्या की धरणं, रस्ते, तेलक्षेत्रं यांची कंत्राटं दलाच्याच ‘खातम अल-अंबिया’ या बांधकाम संस्थेकडे जाणार, कारण दुसरा कुणी उरतच नाही. आणि तेल? आता त्यातलं बहुतेक चीनच्या शांडोंग प्रांतातल्या छोट्या खासगी शुद्धीकरण कारखान्यांना सवलतीच्या दरात जातं. म्हणजे देशाची संपत्ती पडत्या भावाने जाते, मधले खातात, आणि तुटीची भरपाई होते नोटा छापून. त्या छापलेल्या नोटांचा भार कुणावर पडतो, तर निवृत्त गणित शिक्षकावर.

सुक्याबरोबर ओलंही जळतं असं आपण म्हणतो. फारसीतही अगदी हीच म्हण आहे: ‘तर ओ खुश्क बा हम मिसूज़न्द’, ओलं नि सुकं एकत्रच जळतं. (हा खुश्क म्हणजे आपल्या खुश्कीच्या मार्गातला.) निर्बंधांचे पुरस्कर्ते एवढं तर मान्य करतातच, की थोडं ओलं जळणार. इराणमध्ये पाहावं तर सुकं जसंच्या तसं उभं आहे.

तरुणांच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. इराणी सरकारने फेसबुक, यूट्यूब, टेलिग्राम बंद केलेलं. ते उघडायला जो व्हीपीएन लागतो त्याला तिथे ‘फिल्टरशिकन’ म्हणतात, फिल्टर मोडणारा. पण पलीकडूनही दार बंद आहे. २०१९ मध्ये गिटहबने, म्हणजे प्रोग्रामर आपलं काम जिथे ठेवतात त्या अमेरिकी संकेतस्थळाने, इराणी प्रोग्रामरांची खाती अडवली, ती उघडायला २०२१ उजाडलं. ऑनलाइन अभ्यासक्रम, सॉफ्टवेअरचे परवाने, परदेशी परीक्षेची फी भरायला लागणारं कार्ड, कुठे ना कुठे ‘तुमच्या देशात ही सेवा उपलब्ध नाही’ अशी पाटी. म्हणून तिथे दुसराही शब्द तयार झाला, ‘तहरीमशिकन’. एकाच मुलीला एक कुलूप तेहरानचं आणि एक कुलूप कॅलिफोर्नियाचं. स्वातंत्र्याच्या नावाने लावलेलं दुसरं कुलूप तिला पहिल्याइतकंच घट्ट लागतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. परदेशात गेलेले कित्येक इराणी स्वतःच म्हणतात की ही राजवट बोलण्याने वाकणार नाही. तिने २०१९ च्या नोव्हेंबरात पेट्रोलच्या दरवाढीविरुद्ध रस्त्यावर आलेली किमान तीनशे माणसं मारली आणि आठवडाभर देशाचं इंटरनेट तोडलं. तिच्या हातात पैसा गेला तर तो लेबनॉन-येमेनमधल्या सशस्त्र गटांकडे आणि ड्रोनमध्ये जाईल. ज्यांची भावंडं तेहरानच्या एविन तुरुंगात, राजकीय कैद्यांत, आहेत त्यांच्या या बोलण्यापुढे मी मान खाली घालते. अर्थव्यवस्थेच्या दुर्दशेत राजवटीचा स्वतःचा वाटा मोठा आहे हेही खरं. उर्मिया सरोवर आटलं, इस्फहानची झायंदेरूद नदी कोरडी पडली, त्यात अमेरिकेपेक्षा बेसुमार उपसा आणि बेबंद धरणं यांचा दोष जास्त. पण वंशभेदी दक्षिण आफ्रिकेचं जे उदाहरण नेहमी दिलं जातं, ते इथे लागू होत नाही. तिथे बहिष्कार मागितला तो पिळल्या जाणाऱ्या बहुसंख्यांच्या संघटनेने, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने. आणि त्याची झळ ज्या गोऱ्या व्यापारीवर्गाला लागली, त्याच्याच मतांवर ते सरकार उभं होतं. भारताने तर १९४६ मध्येच, सगळ्यांच्या आधी, त्या देशाशी व्यापार बंद केला होता आणि ते योग्यच होतं. इराणची सत्ता मध्यमवर्गाच्या मतांवर उभी नाही. मध्यमवर्ग गरीब झाला तर ती डगमगत नाही, उलट रेशन आणि सरकारी नोकरीसाठी लोक तिच्याच दारात उभे राहतात. १९९० नंतर इराकमध्ये नेमकं हेच झालं होतं. तेरा वर्षांच्या निर्बंधांनी सद्दाम हटला नाही; शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या पिठासाठी लोक त्याच्यावर जास्तच अवलंबून राहिले.

उलटा प्रयोगही एकदा झाला, हे लोक विसरतात. १४ जुलै २०१५ ला व्हिएन्नात अणुकरार झाला (इराणने अणुकार्यक्रम आवळायचा, बदल्यात निर्बंध उठायचे), त्या रात्री तेहरानमध्ये लोक गाड्यांचे हॉर्न वाजवत रस्त्यावर नाचत होते. करारानुसार युरेनियमचं संवर्धन ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोवर रोखायचा होता, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तो पाळला जात असल्याचं वारंवार सांगत होते. इराण एअरने एअरबसकडे शंभर विमानांची मागणी नोंदवली. २०१७ च्या निवडणुकीत ७३ टक्के लोकांनी मत दिलं आणि करार करणारे राष्ट्राध्यक्ष रूहानी पुन्हा निवडून आले. उमेदवार आधी गाळून घेतलेले असतात हे माहीत असूनही लोक रांगेत उभे राहिले, कारण मताने काहीतरी हलतं असा त्यांना अनुभव आला होता. मग ८ मे २०१८ ला ट्रम्प यांनी करार मोडला. शंभरपैकी एअरबसची तीनच विमानं हातात पडली होती. ‘पश्चिमेवर विश्वास ठेवू नका’ असं आयुष्यभर सांगणारे कट्टरपंथी खरे ठरले, आणि ज्यांनी विश्वास ठेवला ते तोंडघशी पडले. २०२१ च्या निवडणुकीत मतदान ४८.८ टक्क्यांवर उतरलं, कट्टरपंथी रईसी आले. २०२४ च्या पहिल्या फेरीत ते चाळीस टक्क्यांच्या आसपास होतं. आणि युरेनियम? ते २०२१ मध्ये ६० टक्क्यांपर्यंत संवर्धित होऊ लागलं. अणुबॉम्बची भीती ज्यांना खरोखर वाटते त्यांनी तरी हा क्रम लावून बघावा.

हा विश्वासघात इराणी मनाला नवा नाही. १९५१ मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण करणाऱ्या पंतप्रधान मोसद्देक यांना अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तचर संस्थांनी १९५३ च्या ऑगस्टात खाली खेचलं. इराकशी झालेल्या युद्धात सद्दामने रासायनिक अस्त्रं वापरली, १९८७ मध्ये सरदश्त गावावर विषारी वायूचे बॉम्ब टाकले, तेव्हा जगाने तोंडात मिठाची गुळणी धरली. १९८८ मध्ये अमेरिकी युद्धनौकेने प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. राजवट या जखमांचं भांडवल करते हे उघड आहे. पण जखमा खोट्या नाहीत, आणि दर वेळी आपण तिला ताजं भांडवल पुरवतो.

जून २०२५ मध्ये इस्रायल आणि मग अमेरिकेने हल्ले केले. बारा दिवसांत इराणमध्ये हजारावर माणसं मेली. इस्रायलमध्येही इराणी क्षेपणास्त्रांनी घरं पडली, माणसं गेली. २३ जूनला बॉम्ब पडले ते एविन तुरुंगावर. हाच तो तुरुंग, जिथे शांततेचं नोबेल जाहीर झालं तेव्हा मानवी हक्क कार्यकर्त्या नर्गिस मोहम्मदी कोठडीत होत्या. त्या दिवशी तिथे कैदी गेले, त्यांना भेटायला आलेले नातेवाईक गेले, कर्मचारी गेले. ज्यांना सोडवायचं म्हणून भाषणं होतात त्यांच्याच डोक्यावर छप्पर आलं. युद्ध थांबताच राजवटीने हेरगिरीच्या आरोपाखाली धरपकड सुरू केली आणि फाशी दिल्या. आदल्या वर्षांत बायकांनी इंच इंच मिळवलेली मोकळी जागा बॉम्बच्या त्या बारा दिवसांत आकसली.

मग भारताने काय करावं? मे २०१९ मध्ये आपण इराणी तेल घेणं थांबवलं. त्याआधी तो आपल्याला तेल पुरवणाऱ्या पहिल्या काही देशांत होता. इराणमधल्या चाबहार बंदराचा दहा वर्षांचा करार मे २०२४ मध्ये केला आणि २०२५ मध्ये त्यासाठी अमेरिकेकडून सहा महिन्यांची सवलत मागून घेतली. मी महासत्तेशी भांडा म्हणत नाही. पण २०१२ मध्ये आपण एक शहाणपणाची गोष्ट केली होती: कोलकात्याच्या यूको बँकेतून रुपयात व्यवहाराची सोय. तेलाचे पैसे रुपयात जमा व्हायचे आणि त्यातून इराण आपला बासमती, चहा, औषधं घ्यायचा. तशी वाट निदान औषधांपुरती आणि विद्यार्थ्यांच्या फीपुरती तरी सरकारने लेखी हमी देऊन उघडी ठेवावी. नुसती ‘कायद्यात सूट आहे’ एवढ्याने बँकेतला माणूस सही करत नाही; त्याला ‘काही झालं तर जबाबदारी आमची’ असं पत्र लागतं. निर्बंध लावायचेच तर ज्यांनी गोळीबाराचे आदेश दिले त्यांच्या नावांवर लावावेत, त्यांच्या परदेशातल्या घरांवर लावावेत. आणि इराणमध्ये कुणी मारलं गेलं तर भारताने गप्प बसू नये. राजवटीशी व्यापार करताना तिच्या कैद्यांविषयी बोलता येतं. इतर देश बोलतात.

आणि पुण्याने आपलं दार बंद करू नये. ज्या भाषेने आपल्याला दुकान, बाजार, जमीन, कागद आणि चक्क पेशवा हा शब्द दिला, त्या भाषेची मुलं इथे शिकायला येत होती. ती येणं आता पुष्कळ कमी झालं आहे. विद्यापीठाने अशा विद्यार्थ्यांची फी परदेशी दराने न घेता आपल्या मुलांइतकी घेतली तर खजिना रिकामा होणार नाही.

थोरली आता इस्फहानमध्ये एका कॉलेजात शिकवते. २०२५ च्या जूनमध्ये इंटरनेट तोडलं होतं तेव्हा कित्येक दिवस तिची खबर नव्हती. मग एक ओळ आली: “खाले, आम्ही सगळे आहोत.” ऑक्टोबरात तिने विचारलं की तिची एक विद्यार्थिनी फार हुशार आहे, तिला पुण्यात एम.एस्सी.ला पाठवता येईल का, फी किती पडेल. मी चौकशी करून आकडा कळवला. त्या दिवशी पहिल्यांदाच मी स्वतः दर पाहिला: एका रुपयाला बाराशेच्या वर तोमान.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं.

“हिशेब केला, खाले.”